पत्र्याच्या खोलीत दोन उन्हाळे सामान ठेवायचंय: काय टिकेल, काय नाही?

वैदर्भी

नमस्कार मंडळी,

नागपूरचं आमचं जुनं घर पाडून त्याच जागेवर नवीन बांधायला घेतोय. बांधकाम होईस्तोवर आम्ही दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहणार. तिथे मावणार नाही ते सामान काकांच्या गच्चीवरच्या खोलीत हलवायचं आहे. विटांच्या भिंती, वर पत्रे, पश्चिमेला दार, एक लहान खिडकी, एवढीच ती खोली. दोन उन्हाळे आणि मधला पावसाळा-हिवाळा सामान तिथेच राहील.

आमच्याकडची हवा बाहेरच्यांना कळावी म्हणून सांगते. नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंश नोंदले गेले होते आणि २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंश. हे सावलीतले आकडे. पत्र्याखाली काय होतं ते बघायला खोलीत तापमापक टांगला, तर दुपारी तीनला पन्नाशीच्या पुढे आणि पहाटे अठ्ठावीस-तीस. एका दिवसात वीस अंशांची चढउतार.

सामान असं आहे: आईचे शालू आणि पैठण्या, बाबांची पुस्तकं, जुने अल्बम आणि निगेटिव्ह, कॅसेट, पितळेची भांडी, गाद्या, बॅटरीसकट इन्व्हर्टर, बाबांची पेटी (हार्मोनियम), वर्षाचे गहू-तांदूळ, भाच्याची बाळपणीची कपडे (वहिनीला सातवा लागलाय, त्यामुळे ती लागणार आहेत), औषधांचा डबा, घराची कागदपत्रं.

सामान हलवणारे म्हणतात, सगळं प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळा, काही होत नाही. माझं मन घेत नाही. ज्यांनी अशा खोल्यांमध्ये सामान ठेवलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा. घाई आहे, पाऊस यायच्या आत हलवायचंय.

रानजाई

औषधं आणि कागदपत्रं आधी यादीतून काढ बरं. ती भाड्याच्या घरीच. बाकीचं सविस्तर रात्री लिहिते.

हवापाणी

वैदर्भीताई, तुमचं मन घेत नाही ते बरोबर आहे. नुसत्या उन्हाने होणाऱ्या नुकसानापेक्षा चढउतारामुळे येणारी ओल जास्त सामान खाते, आणि प्लास्टिकची घट्ट गुंडाळी ती ओल आत कोंडते.

बंद ट्रंक आपल्याला वाटते तशी बंद नसते. तीस अंशांवरची हवा पन्नासवर गेली की ती साधारण सात टक्के फुगते. तेवढी हवा झाकणाच्या फटीतून बाहेर जाते आणि रात्री पेटी थंड झाली की बाहेरची हवा आत ओढली जाते. हे रोज चालतं. मे महिन्यात बाहेरची हवा कोरडी असते, काही बिघडत नाही. जूनच्या मध्यानंतर तीच पेटी रोज रात्री ओली हवा आत घेऊ लागते.

आता आकडे बघा. तीस अंशांवरची हवा घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम वाफ धरू शकते, वीस अंशांवर जेमतेम १७. उरलेलं पाणी कुठेतरी बसणारच. धातूची पेटी आणि पत्रा सगळ्यांत आधी थंड होतात, म्हणून ते तिथे बसतं. निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता फेकत राहतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. पावसाळा सरल्यावर, हवेत ओल असेतो, पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूला हात लावून बघा, ओला लागेल. पाऊस नसताना छत गळतं म्हणून लोक पत्रे बदलतात, पण ते पाणी खोलीतल्याच हवेतलं असतं.

म्हणून सामान कधी भरलं याला फार महत्त्व आहे. नागपुरात मेच्या दुपारी ४३ अंशांना आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास असते. ती हवा पेटीत बंद झाली आणि बाहेरची ओल फारशी शिरली नाही, तर पुढे पावसाळ्यात २५ अंशांवर आली तरी आतली आर्द्रता पन्नाशीच्या जवळच राहते. बुरशी साधारण पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर धरते. तेच सामान जुलैत भरलंत, तर डिसेंबरच्या पहिल्या थंडीत पेटीच्या आत दव पडेल. तुम्ही पावसाच्या आत हलवताय ही सगळ्यांत चांगली गोष्ट आहे.

पेट्या गच्च भरा. कापड आणि कागद थोडी ओल स्वतःत धरतात आणि सोडतात, त्यामुळे भरलेल्या पेटीत चढउतार सौम्य होते. अर्धी रिकामी ट्रंक सगळ्यांत वाईट. पेट्या भिंतीपासून वीतभर लांब, विटांवर किंवा लाकडी पाटांवर ठेवा. पश्चिमेची भिंत रात्री उशिरापर्यंत तापलेली असते, तिच्याकडे फक्त भांडी लावा.

तळकोकणी

हवापाणी यांचं वाचलं, पण आमच्याकडे सावंतवाडीला हे चालणार नाही. आमच्याकडे कोरडा महिना म्हणून असा नाहीच. बंद केलं की बुरशी. आम्ही पावसाळ्यात कपाटाची दारं किलकिली ठेवतो आणि माळ्यावर आठवड्यातून एकदा धुरी देतो. हवा खेळती हवीच. ताईंनी खिडकीत एक्झॉस्ट पंखा लावावा असं माझं स्पष्ट मत.

हवापाणी

तळकोकणीसाहेब, तुमच्या हवेला तुमचं बरोबर आहे. दिवस-रात्रीत फरक कमी आणि बाहेरची हवा कायम दमट, तिथे वारा हाच उपाय. विदर्भात आठ महिने हवा कोरडी असते, कोरडेपणा आत साठवून चार महिने काढता येतात. पंखा मात्र हवाच, फक्त तो खोलीसाठी, पेट्यांसाठी नाही. उन्हाळ्यात दुपारी पत्र्याखाली साचलेली गरम हवा वरून बाहेर काढायची. पावसाळ्यात बंद ठेवायचा, नाहीतर ओली हवा आपणच आत ओढून घेऊ. आणि पंखा छताजवळ हवा, खिडकीच्या उंचीवर लावून अर्धाच उपयोग होतो.

तळकोकणी

छताजवळचा मुद्दा पटला. पावसाळ्यात उघडीप मिळते तेव्हा तरी दार उघडावं असं मी म्हणेन.

हवापाणी

हो, लख्ख ऊन पडलं की दुपारी दोन-तीन तास. संध्याकाळच्या आत बंद.

रानजाई

आता कापडाचं.

शालू-पैठण्या शक्यतो त्या खोलीत नकोच. दोन खोल्यांच्या घरातही पलंगाखाली एक सपाट पेटी मावते. आईच्या साड्या आहेत, त्यांना तेवढी जागा द्याच. अगदीच नाइलाज असेल तर प्रत्येक साडी धुतलेल्या मलमलीत किंवा मांजरपाटात वेगळी गुंडाळायची. मांजरपाट नवा असेल तर आधी खळ जाईपर्यंत धुवायचा, खळीला कसर लागते. दुकानातून येते ती प्लास्टिकची पिशवी काढून टाकायची. जरीकाम काळं पडू नये म्हणून पदर आत घेऊन घडी घालायची आणि घडीच्या मोडीत मऊ कापडाची वळकटी ठेवायची. रेशीम कोरड्या उष्णतेत ठिसूळ होतं आणि महिनोन्‌महिने एकाच मोडीवर राहिलं की तिथेच चिरतं. दिवाळीत आणि होळीच्या सुमारास पेटी उघडून घड्या बदला. शालू इस्त्री करून ठेवू नका.

डांबराच्या गोळ्यांबद्दल मुद्दाम लिहिते. त्या उष्णतेत झपाट्याने उडतात, म्हणजे पन्नास अंशांच्या खोलीत वास प्रचंड आणि उपयोग थोडे दिवस. जरीला आणि प्लास्टिकच्या बटणांना त्या लागता कामा नयेत. कापूर आणि डांबरगोळी एका पेटीत कधीच ठेवू नका, दोन्ही मिळून पातळ होतात आणि कापडावर तेलकट डाग पडतो, जो निघत नाही.

आणि बाळाच्या कपड्यांत तर डांबरगोळी अजिबात नको, वैदर्भी. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं विकर जन्मतःच कमी असतं. अशा बाळाला डांबरगोळीचा वास लागलेले कपडे घातले तर तांबड्या पेशी फुटून जोराची कावीळ होऊ शकते. बाळाला ते आहे की नाही हे घरच्यांना बहुतेक वेळा माहीतच नसतं. वेखंडाचे तुकडे किंवा सुकवलेला कडुनिंब मलमलीच्या पुरचुंडीत बांधून ठेवा. बाळाला घालायच्या आधी सगळे कपडे धुऊन उन्हात वाळवा.

वैदर्भी

रानजाई, हे मला अजिबात माहीत नव्हतं. वहिनीला आत्ताच फोन करून सांगितलं. बाळाचे कपडे इकडेच ठेवते.

औषधवाला

औषधांच्या दुकानात आयुष्य गेलं, म्हणून थोडं.

पत्र्याच्या खोलीत एकही औषध नको, अगदी डोकेदुखीची गोळीसुद्धा. बहुतेक पाकिटांवर तीस किंवा पंचवीस अंशांच्या खाली ठेवा असं छापलेलं असतं. पन्नास अंशांवर कॅप्सूल एकमेकींना चिकटतात, मलम फाटतं. हे निदान दिसतं तरी. थायरॉईडची गोळी उष्णता-ओलाव्याने गुण कमी झाला तरी दिसायला तशीच असते, आणि माणूस रोज घेत राहतो.

इन्सुलिन घेणारं कोणी घरात असेल तर: न उघडलेली कुपी दोन ते आठ अंशांत, फ्रिजच्या दारात नाही आणि बर्फाच्या कप्प्याला टेकूनही नाही. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फेकायचं. वापरात घेतलेली कुपी तीस अंशांच्या आत साधारण चार आठवडे चालते, नेमका काळ पाकिटावर बघावा. शिफ्टिंगच्या धावपळीत वीज जोडलेली नसते, तेव्हा मातीचं मडकं उपयोगी पडतं. मडकं सावलीत वाऱ्यावर ठेवून बाहेरून ओलं ठेवायचं, आत कोरड्या डब्यात कुपी. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात मडक्यातली हवा बाहेरच्यापेक्षा चांगलीच गार राहते. कोकणात किंवा मुंबईत दमट हवेत याचा फारसा फायदा नाही, तिथल्यांनी यावर विसंबू नये.

सेंट-डिओ, डासांचा स्प्रे, केसांचा फवारा यांच्या डब्यांवर पन्नास अंशांपेक्षा जास्त उष्णता नको असं छापलेलं असतं. तुमची खोली ती मर्यादा रोज ओलांडते. हे डबे तिथे जाता कामा नयेत.

वीजमित्र

वरच्यात भर. इन्व्हर्टरचा डबा एक वेळ वर गेला तरी चालेल, बॅटरी नको. शिशाच्या बॅटरीची वापराविना उतरण्याची गती दर दहा अंशांना साधारण दुप्पट होते. नागपूरच्या उन्हात ती काही महिन्यांत पूर्ण उतरेल, आणि उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या आतल्या शिशाच्या पत्र्यांवर सल्फेट धरतं. मग कितीही चार्ज करा, जीव येत नाही. त्यात आम्ल, त्यात चार्ज होताना हायड्रोजन. भाड्याच्या घरात जोडून वापरा किंवा नातेवाइकांना वापरायला द्या. डिस्टिल्ड वॉटरची पातळी उन्हाळ्यात दर महिन्याला बघायला सांगा.

जुने मोबाईल, लॅपटॉप, पॉवर बँक, रिमोट-खेळण्यांतले सेल या सगळ्यांचा एक वेगळा डबा करा आणि तो खाली ठेवा. लिथियमची बॅटरी पूर्ण भरलेली आणि गरम, ही तिच्यासाठी सगळ्यांत वाईट अवस्था. निम्मी भरून थंड जागी ठेवायची. फुगलेली दिसली तर ठेवूच नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. साध्या सेलचं रिमोट-घड्याळ असेल तर सेल काढून ठेवा, उष्णतेत ते झरतात आणि पट्ट्या खातात.

गॅस सिलिंडर यादीत नाही, पण विचारतील म्हणून: भरलेला असो की रिकामा, बंद खोलीत नकोच. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचून राहतो.

वऱ्हाडीबुवा

ताई, गव्हाचं म्या सांगतो. पत्र्याखाली गहू ठेवनं म्हनजे सोंड्याले जेवन देनं. नेनंच असन तं कोठीले खालून पाट द्या, भितीपासून दूर ठेवजा. गव्हाले दोन-तीन कडक उनं दाखवा, पन ऊन दाखवल्यावर गरम-गरम भरू नोका. रातभर गार होऊ द्या, सकाळी भरजा. गरम भरला तं वरून घाम सुटते आन वरचा थर कुबट होते. कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवून थरा-थरानं टाका. तुरीच्या डाळीले एरंडीचं तेल चोळा, लय नाई, दाना चमकला का बस.

तांदूळ मातर वर नोकाच नेऊ.

हवापाणी

वऱ्हाडीबुवांनी सांगितलेला घाम तो हाच. गरम धान्य मधे, थंड पत्रा बाहेर. दाण्यांमधली ओल वर चढते आणि झाकणाखाली बसते.

औषधवाला

धान्यावरून एक अत्यंत महत्त्वाचं. बाजारात धान्यात टाकायच्या म्हणून ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या सहज मिळतात. त्या गोदामासाठी आहेत, प्रशिक्षित माणसाने बाहेरून सील करून वापरायच्या. हवेतल्या ओलाव्याशी त्यांचा फॉस्फीन वायू होतो आणि त्यावर उतारा नाही. घरात, बंद खोलीत, वरच्या मजल्यावर खाली माणसं झोपलेली असताना या गोळ्या म्हणजे थेट जिवाशी खेळ. कोणी कितीही आग्रह केला तरी आणू नका. पाऱ्याच्या टिकड्याही नकोत.

सांगलीकर

धान्य निघालंच आहे तर आमच्याकडचं सांगतो. सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाशी, हळद साठवायची जमिनीखालची पेवं आहेत. वरून माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, खाली ऐसपैस पोट. हळद भरली की तोंड बुजवून माती लोटायची. दोन-तीन फुटांखाली दिवस-रात्रीचा फरक जवळपास पोचतच नाही, त्यामुळे वर काहीही चालू असो, आत एकच हवा. शिवाय आतला प्राणवायू संपत जातो आणि किडा जगत नाही. वर्षानुवर्षं हळद तशीच राहायची, ना वीज ना औषध. पेव उघडलं की लगेच कोणी उतरत नाही, कित्येक तास उघडं ठेवून मगच माणूस खाली जातो, कारण आत श्वास घ्यायला हवा नसते. २००५ च्या महापुरात यातली पुष्कळ पेवं पाणी शिरून गेली, ते बघवत नव्हतं.

ताईंना पेव खणायला सांगत नाही, पण यातून एक घेण्यासारखं आहे. काकांच्याच घरात तळमजल्यावर जिन्याखाली जागा असेल तर ती गच्चीवरच्या दहा खोल्यांपेक्षा चांगली. जमिनीजवळ, आतल्या भिंतीला, उन्हापासून लांब. नाजूक सामानापुरती मागून बघा. फक्त फरशीला ओल येते का ते आणि पाणी कुठवर चढतं ते आधी विचारून घ्या.

वैदर्भी

सांगलीकरदादा, जिन्याखाली काकांची जुनी सायकल आणि रंगाचे डबे आहेत. ते हलवता येतील, काकू हो म्हणाल्या. साधारण दोन ट्रंका मावतील. मग तिथे काय ठेवू? अल्बम की पुस्तकं?

कागदवेडा

अल्बम आणि निगेटिव्ह, विचारायलाच नको. पुस्तकं वर निभावतील, फोटो निभावणार नाहीत.

फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. ओल आली की तो मऊ होऊन समोरच्या पानाला किंवा प्लास्टिकला चिकटतो, नंतर कोरड्या उष्णतेत तसाच घट्ट वाळतो. सोडवायला गेलं की चेहरा त्या प्लास्टिकबरोबर जातो. १९८०-९० च्या दशकातले चिकट पानांचे अल्बम असतील तर ते आधी तपासा. जे फोटो सहज सुटतात ते काढून साध्या पांढऱ्या कागदाच्या पाकिटांत उभे ठेवा. जे सुटत नाहीत ते ओढू नका, पान जसंच्या तसं मोबाईलने नीट उजेडात टिपून घ्या.

निगेटिव्हचा डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ॲसिटेटची फिल्म विघटन पावू लागली आहे. हे एकदा सुरू झालं की थांबत नाही, उष्णता-ओलीने वेग घेतं आणि शेजारच्या चांगल्या फिल्मलाही लागतं. त्या पट्ट्या वेगळ्या करा आणि स्कॅन करायला पहिल्यांदा त्या द्या. कॅसेटचंही तसंच, आजोबांचा किंवा कोणाचा घरगुती आवाज असेल त्या आधी संगणकात उतरवून घ्या. बाजारात मिळणाऱ्या गाण्यांच्या कॅसेटवर वेळ घालवू नका.

पुस्तकं: खोक्यात उभी किंवा आडवी, कणा वर येईल अशी उलटी कधीच नाही. खोकी मध्यम घ्या, मोठं खोकं उचलताना बूड सुटतं. आत वर्तमानपत्राऐवजी साधा कोरा कागद. भरण्याआधी प्रत्येक पुस्तक बाहेर नेऊन झटका आणि कसर, वाळवीची माती बघा. एक कीड लागलेलं पुस्तक आख्खं खोकं संपवतं. आपल्याकडे पोथ्या सुती रुमालात बांधून फळीवर ठेवत, ती पद्धत उत्तम होती. कापड धूळ अडवतं आणि ओल कोंडत नाही.

कागदपत्रं लॅमिनेट करू नका. जुना कागद त्यात भाजतो आणि पुन्हा मोकळा होत नाही. आणि एक, जे कुणाच्या लक्षात येत नाही: फ्रिज-टीव्हीची वॉरंटीची बिलं हल्ली उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असतात. पन्नास-साठ अंशांवर तो कागद काळवंडतो किंवा अक्षरं उडतात. सगळ्या बिलांच्या आज झेरॉक्स काढा.

रानजाई

+१. आमच्या सोसायटीत एकांचं मिक्सरचं बिल असंच कोरं झालं होतं, दुकानदार दाद देईना.

बर्फातली_मराठी

मी मिनियापोलिसला असते. आमची तऱ्हा तुमच्या उलट आहे पण दुखणं तेच. इथे ३० जानेवारी २०१९ ला उणे ३३ अंश झालं होतं, आणि जुलैत पस्तीस. गॅरेज आणि माळा दोन्ही न तापवलेले.

गॅरेजमध्ये पाण्यातले रंग, गोंद, काचेच्या बरणीतलं लोणचं-सॉस यातलं काहीही हिवाळ्यात राहत नाही. रंग एकदा गोठला की नंतर दह्यासारखा फाटतो. इलेक्ट्रॉनिक वस्तू गॅरेजमधून घरात आणताना आधी पिशवीत घट्ट बंद करायची, मग आत आणायची, आणि वस्तू घराइतकी कोमट होईपर्यंत पिशवी उघडायची नाही. दव पिशवीच्या बाहेर बसतं, यंत्रात नाही. वैदर्भीताई, तुम्हाला हे पावसाळ्यात उपयोगी पडेल. एसीच्या खोलीतून कॅमेरा बाहेर नेतानाही हेच.

माळ्यावर उन्हाळ्यात एवढं तापतं की गणपतीचं मखर, जे आम्ही मंडळासाठी ग्लू गनने जोडतो, त्याचे जोड सुटून येतात. आता आम्ही मखर दोऱ्याने आणि खिळ्यांनीच बांधतो आणि तळघरात ठेवतो. तुमच्याकडे कोणी मखर, झुंबर, रुखवताच्या वस्तू वर टाकणार असतील तर गोंदाचे जोड बघा.

वैदर्भी

आईचं रुखवत आहे! मण्यांचं तोरण आणि शिंपल्यांचा राजवाडा. लिहून घेतलं.

पत्र्याला चुना मारला तर खोली गार होईल का? काका तयार आहेत.

हवापाणी

पांढरं केल्याने निश्चित फरक पडतो, ऊन शोषण्याऐवजी परत जातं. पण पत्र्यावर चुना पहिल्या पावसात धुऊन जाईल. तो स्लॅबवर ठीक. पत्र्याला उष्णता परावर्तित करणारा पांढरा बाहेरचा रंग द्या, आधी गंज घासून. त्यापेक्षाही मोठा फरक पत्र्याखाली वीतभर जागा सोडून दुसरं छत केल्याने पडतो. बांबूच्या तट्ट्या आढ्याला बांधल्या तरी चालतं, मधली हवा दोन्ही बाजूंनी खेळती हवी. शिवाय पहाटेचं पत्र्याचं पाणी थेट पेटीवर न पडता तट्टीवर पडतं. पत्र्यावर पऱ्हाट्या (कपाशीची वाळकी झाडं) किंवा कडबा टाकायची आपल्याकडे पद्धत आहे, गारवा छान मिळतो, पण खाली पुस्तकं-कपडे असताना आगीचा धोका घेऊ नका. थर्माकोलही उघडा लावू नका, तो पेट घेतो.

सिलिका जेलच्या पुड्या घालणार असाल तर रंग बदलणाऱ्या घ्या. निळ्या गुलाबी झाल्या की भरल्या. ते जेल पुन्हा तापवून कोरडं करता येतं. मात्र तोच नियम पेटीतही लागू आहे: पेटी तापली की जेल धरलेली ओल परत सोडतं. वर्षभर न उघडता पडलेल्या पुडीवर भिस्त नको.

वैदर्भी

सगळ्यांचे मनापासून आभार. आत्तापर्यंत असं ठरलं: औषधं, कागदपत्रं, बाळाचे कपडे आणि साड्या आमच्याबरोबर. अल्बम, निगेटिव्ह, निवडक कॅसेट जिन्याखाली. बॅटरी मावशीकडे. तांदूळ वाटून टाकतेय, गहू निम्मा. पुस्तकं, भांडी, गाद्या वर, तट्टीच्या छताखाली. गाद्यांना उद्यापासून ऊन दाखवायला घेतलंय. पत्र्याचा रंग रविवारी.

बाबांच्या पेटीचं कोणी सांगितलं नाही. वर ठेवू का? ते आता वाजवत नाहीत, पण ती त्यांच्या गुरुजींनी दिलेली आहे.

पेटीमास्तर

ताई, वर अजिबात नको. पेटीत लाकूड, चामडं, सरस आणि पितळी सूर (आवाज काढणाऱ्या पात्या), चारही वेगवेगळ्या मापाने फुगतात-आकसतात. पन्नास अंशांवर सरसाचे जोड सुटतात, तक्ता चिरतो, भात्याचं चामडं कडक होऊन घडीवर फाटतं. मग पहिल्या पावसात लाकूड फुगलं की पट्ट्या अडकतात. सूर सुद्धा उतरतात, ते परत लावता येतात, चिरलेला तक्ता मात्र पूर्वीसारखा बोलत नाही.

भात्याचे पट्टे लावून तो बंद करा. सुरांच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर मऊ सुती कापड पसरा, वरून खोळ, मग लाकडी खोकं. आत डांबरगोळी नको, वेखंड चालेल. उंदीर भात्याचं चामडं कुरतडतात, म्हणून खोक्याला कुठे फट असेल तर बुजवा. तुमच्या भाड्याच्या घरी आतल्या भिंतीला, कूलरच्या वाऱ्यापासून लांब ठेवा. कूलरचा ओला झोत आणि दुपारचं कोरडं ऊन आलटून पालटून लागणं पेटीला फार वाईट.

आणि वडिलांना सांगा, महिन्यातून दोनदा तरी भाता हलवून सगळ्या पट्ट्या एकदा वाजवायच्या, नुसते सा-रे-ग-म झाले तरी चालतील. सुरांवर धूळ बसत नाही, चामडं मऊ राहतं आणि काही बिघडू लागलं तर आवाजातच पहिल्यांदा कळतं. गुरुजींची पेटी आहे म्हणता, तर हलवण्याच्या दिवशी ती टेम्पोत टाकू नका, गाडीत मांडीवर घेऊन न्या.